हडकोतला समुद्र

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडं रीत. पण 'हे आले, हे म्हणाले' करत बसले तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून सरळ नावच घेते. बद्रीनाथ. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे आणि केसाइतका फरक दिसला की बाजूला टाकायचे, हे त्यांचं काम. घरी आले तरी ते मोजणं सुटत नाही. माझ्या पोळ्यांना अजून गेज लावला नाही, एवढंच माझं नशीब.

तर या माणसानं आमच्या हडको कॉलनीतल्या घरात समुद्र आणला.

थट्टा नाही करत. आमच्या गावात नळाचं पाणी म्हणजे रुसलेला जावई. कधी येईल ते सांगत नाही आणि आला तर बसत नाही. टँकरमागं बादल्या घेऊन पळणारी माणसं आम्ही. अशा ठिकाणी हा माणूस म्हणतो, "द्वारका, आपण खाऱ्या पाण्याची टाकी ठेवू." मी म्हटलं, "अहो, आधी गोड्याची तर सोय करा!" पण ऐकतील ते बद्रीनाथ कसले.

टाकी फार मोठी नाही, अडीच फुटांची काच. पण तिचा लवाजमा बघाल तर नवरदेव लाजेल. समुद्राचं खास मीठ, कारण आपलं जेवणातलं चालत नाही. निळा दिवा. लाटा काढणारा पंप. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वरून दोन पंखे, म्हणजे खाली आम्ही घामानं निथळतोय आणि गार वारा माशांना. शिवाय शुद्ध पाण्याचं मशीन, आरओ. ते एक बादली चांगलं पाणी देतं आणि दोन बादल्या बाहेर फेकतं. ते फेकलेलं पाणी मी भांड्यांना आणि फरशीला वापरते, थेंब नालीत जाऊ देत नाही. त्याशिवाय ही टाकी मी घरात ठेवूच दिली नसती.

सुरुवातीला कितीतरी आठवडे टाकीत नुसते दगड. जिवंत दगड म्हणायचं त्यांना. शेजारच्या सारजाबाई मुद्दाम डोकवायच्या आणि विचारायच्या, "काय गं द्वारका, दगडांना खायला काय घालता?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू त्या दगडांवर काहीबाही हलायला लागलं. पुण्याच्या एका दोस्ताकडून बद्रीनाथनी मऊ प्रवाळांचे तुकडे आणले, बटणाएवढी हिरवी-केशरी फुलं, दिवा लागला की उघडायची, विझला की मिटायची. प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नाही, हे मी सकाळच्या शाळेत पोरांना इतकी वर्षं शिकवत आले. पण खरं सांगू, मला ते पटलं आमच्या हॉलमध्ये. मग गोगलगायी आल्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या नारंगी माशांची एक जोडी आली, आणि शेवटी एक कोळंबी. लाल अंग, पाठीवर पांढरी रेघ, आणि मिशा अशा लांब की जुन्या काळचा फौजदार वाटावा. मी त्याला 'मिशीवाले मामा' म्हणायला लागले. राग गेला नव्हता हं माझा. पण भांडी घासून आले की पदराला हात पुसत उभी राहायचे त्याच्यापुढं, ते खोटं कशाला सांगू.

आता आत्याबाईंचं सांगते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई. पोलिस ॲक्शनच्या पुढच्या साली जन्मलेल्या, हाच त्यांच्या वयाचा दाखला. सगळा जन्म देवगाव रंगारीच्या शेतात गेला. मामंजी मागल्या साली वारले आणि त्या घरात एकट्या राहिल्या. शेत बटईनं, वाट्यानं दिलेलं. बद्रीनाथ दर सुट्टीला जाऊन "चल माय" म्हणायचे, त्या "बघू" म्हणायच्या. आणि मग गोठ्यात पाय घसरून पडल्या. सकाळी पडल्या त्या दुपारपर्यंत तशाच शेणात पडून. बटईदार बैल सोडायला आला म्हणून सापडल्या. डॉक्टरनं बद्रीनाथना बाजूला घेऊन साफ सांगितलं, पुन्हा एकट्या असताना पडल्या तर हाती लागायच्या नाहीत.

तेव्हा कुठं आणलं त्यांना. येताना एक कापडी पिशवी आणि त्यांचा तांब्याचा हंडा, एवढंच बरोबर. हंड्यातलं नसलं तर ते पाणी त्यांच्या लेखी पाणीच नाही. पोरगी पुण्याला शिकायला असल्यामुळं तिची खोली मोकळी होती, ती दिली. पण आत्याबाई आमच्या घरात बसायच्या त्या एसटी स्टँडवर बसल्यासारख्या, पिशवी जवळ घेऊन. अर्धी भाकरी खायच्या, अर्धी परत ठेवायच्या. रोज एकच विचारायच्या, "बद्री, मला कवा सोडतो?" माझा स्वभाव तापट. मला राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, मग लाजेनं अजून राग यायचा. पण आतून भीती होती. ही बाई राहते की तिकडं जाऊन एकटी मरते, हाच एक घोर आमच्या दोघांच्या डोक्यात.

टाकीकडं त्या पहिले काही दिवस लांबूनच बघायच्या. एकदा मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर बोट बुडवून चाखत होत्या.

"खारट हाय गं," मला बघून म्हणाल्या.

"समुद्र आहे तो, आत्याबाई."

"एवढासा?"

"बाकीचा मुंबईला ठेवलाय."

त्या हसल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी खुर्ची टाकीजवळ सरकलेली दिसली.

मग एका रविवारी बद्रीनाथ टाकीत हात घालून काच पुसत होते तर तो मिशीवाला मामा येऊन त्यांच्या बोटांवर बसला आणि नखं साफ करायला लागला. त्याचा तो धंदाच. समुद्रात मासे त्याच्याकडं अंग साफ करून घ्यायला येतात. आत्याबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या.

"माय, तू घाल हात."

"नको रं बाबा. माझा हात नको. नवं जितराब हाय."

आम्हाला वाटलं, भितात. बद्रीनाथनी त्यांचा हात साध्या पाण्यानं धुतला, मनगट धरलं आणि हळूच आत सोडला. तो सुरकुतलेला हात पाण्यात निळा दिसायला लागला. मामा थोडा वेळ मिशा हलवत राहिला, आणि मग टुणकन आला की! आत्याबाईंच्या करंगळीवर बसला आणि लागला कामाला. आणि आत्याबाई हसल्या. खुदकन, पोरीसारख्या. मामंजी गेल्यापासून मी त्यांचं हसू पाहिलं नव्हतं. "गुदगुल्या करतंय मेलं," म्हणाल्या, पण हात काही काढला नाही.

त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

बद्रीनाथ मोजमापाचे असले तरी मूर्ख नाहीत. त्यांनी लगेच आईला काम देऊन टाकलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून उडालेल्याच्या जागी आरओचं गोडं पाणी टाकायचं, काचेवरच्या रेघेपर्यंत. मला हे समजायला आठवडा लागला होता, मी आपली म्हणत होते समुद्रात गोडं पाणी कशाला. आत्याबाईंना एका वाक्यात कळलं. "आमटी आटली की खारट व्हती, तवा पाणीच घालतो, मीठ घालतो काय?" झालं! बद्रीनाथ माझ्याकडं असे बघायला लागले की मी उठून आत गेले.

पुढचे दिवस फार चांगले गेले. सकाळी बद्रीनाथ पहिल्या पाळीच्या बसला जायचे, मी शाळेत. आत्याबाई अंघोळ करून, तोंडात काही घालायच्या आधी टाकीला पाणी घालायच्या. देवपूजेसारखं. दुपारी मी आले की मला बातम्या. "आज पाटलीण रुसली व्हती, पाटील मागं मागं." म्हणजे ती माशांची जोडी. "त्यो केशरी फुटवा वाढलाय बघ." 'कवा सोडतो' हे विचारणं आपोआप बंद झालं. एकदा तर सारजाबाईंना दारात अडवून त्यांनी प्रवाळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि सारजाबाईंचं तोंड जे बघण्यासारखं झालं, ते बघून माझे जुने सगळे पैसे वसूल झाले.

दिवाळी झाली आणि मामा मेला.

आधी वाटलं कात टाकली, कारण कोळंबी कात टाकते तेव्हा अख्खं मढं पडल्यासारखं दिसतं. पण नाही. दगडामागं उलटा पडला होता, पाय वर. आत्याबाईंनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग गोगलगायी काचेवरून गळून खाली पडायला लागल्या. ती बटणफुलं मिटली ती दिवा लावला तरी उघडेनात. मासे मात्र धड.

बद्रीनाथनी सगळं मोजलं. मीठ बरोबर, उष्णता बरोबर, सगळं बरोबर. तोंड एवढंसं करून पुण्याच्या दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, मासे जगतात आणि कोळंबी मरते, तर तांबं बघ. तांबं तपासायच्या बाटल्या मागवल्या. नळीतलं पाणी रंगलं. तांबंच. पण आलं कुठून? पंपाचा स्क्रू बघितला, दिव्याच्या वायरी बघितल्या, काच पुसायचं चुंबक बघितलं. माणूस हैराण. कंपनीत केसाएवढी चूक पकडतो आणि घरात विष कुठून येतं ते सापडेना.

ते मला सापडलं. शाळेला कसली तरी सुट्टी होती. सकाळी चहा टाकायला उठले तर आत्याबाई ओल्या केसांनी, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी त्यांचा तांब्याचा हंडा उचलून टाकीत पाणी सोडत होत्या. बारीक धार, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं. शेजारी आरओची प्लास्टिकची कॅन रिकामी. म्हणजे रात्रीच कॅनमधलं पाणी हंड्यात भरून ठेवायचं आणि सकाळी तेच, रात्रभर तांब्यात मुरलेलं पाणी, टाकीला.

ओरडणारच होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि दारातच थांबले. का करत होत्या ते मला विचारायची गरजच नव्हती. देवाला पाणी तांब्याच्या तांब्यातनं, पाहुण्याला तांब्याच्या हंड्यातलं, पोटाला बरं नसेल तर तेच. त्यांच्या घरात जे सगळ्यांत चांगलं पाणी, ते त्यांनी त्या जिवांना दिलं होतं. प्लास्टिकमधलं शिळं पाणी कसं द्यायचं?

संध्याकाळी बद्रीनाथना गच्चीवर नेऊन सांगितलं. ते कठड्याला टेकले.

"मायला सांगू नको," म्हणाले. "आत्ता कुठं रमलीय. तिच्या हातानं गेलं असं कळलं तर उद्या सकाळची गाडी पकडंल."

मला पटलं. मला तर लगेच पटलं. मी हंडा माळ्यावर टाकला आणि "चीर गेलीय, झाळायला दिलाय" अशी थाप मारली. बद्रीनाथनी टाकीचं पाणी थोडं थोडं बदलायला घेतलं. आणि आत्याबाईंनी विचारलं, "कशानं मेलं रं ते?" तर म्हणाले, "कशानं नाही माय. असंच. मरतात कधीकधी."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तांबं त्या दगडांत मुरलं होतं, ते हळूहळू सुटत राहिलं. आणखी एक गोगलगाय गेली, एक प्रवाळ पांढरट पडून विरघळून गेला. प्रत्येक वेळी आत्याबाई विचारायच्या, "कशानं?" आणि आम्ही दोघं शहाणे म्हणायचो, "असंच."

मग त्या पाणी घालीनाशा झाल्या. "तूच घाल गं." खुर्ची उचलून भिंतीकडं नेली आणि टाकीकडं पाठ करून बसायला लागल्या. भाकरी परत अर्धी झाली. मी म्हटलं, मामाचं दुःख असेल, नवीन कोळंबी आणली की विसरतील.

आणि एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्या कापडी पिशवी घेऊन हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. पायात चपला.

"बद्री, मला कन्नडच्या गाडीत बसवून दे. देवगावला मी उतरते माझी माझी."

"माय, काय झालं? कुणी काही बोललं का?" बद्रीनाथनी माझ्याकडं बघितलं. बघा, सासू घर सोडून निघाली की आधी सुनेकडंच बघायचं!

"द्वारकीला कामून बगतो? सोन्यासारखी पोर हाय. तुमच्यापायी चालले मी." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पुण्यातली नात उद्या सुट्टीला येईल. माझा हात लागायला नको."

"हात लागायला नको म्हणजे?" मी विचारलं.

त्या पिशवी तशीच धरून सांगायला लागल्या. "हळदीच्या अंगानं त्या घरात आले आन् आठवड्यात दावणीचा बैल मेला. सासू म्हणली, पांढऱ्या पायाची आली. मला वाटायचं, उगं म्हणती. मग माझं पयलं लेकरू झालं, सोनाजी. चालायला लागलं व्हतं. दोन दिसात गेलं."

"कशानं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कशानं नाय. असंच," आत्याबाई म्हणाल्या. "तवा बी समदे असंच म्हणले. तवापून मी नव्या वासराला कदी आधी हात लावला नाय. पेरणीला मूठ धरली नाय. बद्री झाला तर वरीसभर त्याला जावेनं न्हाऊ घातलं. तुझे मामंजी रातीतून गेले, असंच. इथं आले, वाटलं आता म्हातारी झाले, गेलं असंल ते. त्या मुक्या जिवानं आपणहून हात धरला माझा. त्यो बी गेला. समदं जग असंच मरतं व्हय, मी आले की?"

बद्रीनाथ मटकन खाली बसले. मला काय झालं सांगू? मला राग आला. त्या मेलेल्या आजेसासूचा, आमच्या दोघांच्या शहाणपणाचा, त्या 'असंच' या शब्दाचा. मी उठले, स्टूल घेतलं, माळ्यावरून हंडा काढला आणि त्यांच्यापुढं आदळला.

"याच्यानं मेला!" मी म्हटलं. "आत्याबाई, या हंड्यानं मेला मामा. चीरबीर काही गेली नव्हती, मी खोटं बोलले. तांबं आपल्याला औषध, पण त्या जिवांना विष. रात्रभर पाणी आत राहिलं की तांबं उतरतं. रोज इवलं इवलं साठत गेलं. हे तपासायच्या बाटल्या आणल्यात तुमच्या लेकानं, विचारा त्यांना."

"द्वारका!" बद्रीनाथ म्हणाले.

"गप्प बसा तुम्ही. फार झालं गप्प बसवणं आणि बसणं."

आत्याबाई हंड्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता कोसळतात.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "म्या वतलं म्हणून मेला."

"तुम्हाला माहीत नव्हतं हो. चूक झाली."

"चूक," त्या म्हणाल्या. "तू वतलं असतं तरी मेला असता?"

"असता."

"ही सारजा हाय, तिची समदी लेकरं जगली. तिनं वतलं असतं तर?"

"तरी मेलाच असता. हंडा कुणी उचलला ते पाण्याला कळत नाही."

"बद्रीनं?"

"माय, मी ओतलं असतं तरी मेला असता," बद्रीनाथ म्हणाले. "तांबं ते तांबं."

पिशवी त्यांच्या हातातून खाली आली. त्यांनी ती ठेवली नाही, सुटलीच ती. आणि मग त्या लेकावर अशा भडकल्या की मी दोन पावलं मागं सरकले. "मग इतके दिस वाचा बसली व्हती काय रं तुझी, मुडद्या? विचारत व्हते तवा असंच म्हणला! माझी नजर बी पडू नये म्हणून भिताडाकडं तोंड करून बसले मी! मला वाईट वाटंल म्हणून? आरं, चूक व्हती तर चूक सांगावी. चुकल्यालं माणूस सुधरंल तरी. पांढऱ्या पायाचं काय करावं माणसानं, पाय तोडावं?"

बद्रीनाथ खाली मान घालून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझ्याही.

"आता ते तांबं निघायचं कसं?" त्यांनी विचारलं.

बद्रीनाथनी डोळे पुसत सांगितलं. तांबं ओढून घेणारा एक स्पंज मिळतो, तो आणलाय. शिवाय पाणी बदलत राहायचं. महिने लागतील, पण निघेल. मासे आहेत, उरलेले प्रवाळ आहेत, ते वाचतील.

"मग बसलाव काय? आणा बादली."

चपला काढून त्या कामाला लागल्या. बद्रीनाथ नळीनं पाणी खाली बादलीत काढत होते, मी नवं मिठाचं पाणी आणून देत होते, आणि आत्याबाई मगानं ते टाकीत सोडत होत्या, अगदी हळू, मासे बिचकू नयेत म्हणून. प्लास्टिकच्या मगानं. दाराजवळ पिशवी पडली होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. घरात नुसता पाण्याचा आवाज.

तेवढ्यात त्यांचा मग मधेच थांबला.

"द्वारके."

"काय आत्याबाई?"

"मग सोनाजी बी कशानं तरी गेला असंल." त्या पाण्याकडंच बघत होत्या. "ताप असंल, पाणी असंल. काहीतरी असंल नाय का? आमाला ठावं नव्हतं, एवढंच."

मी वर्गात साठ पोरांपुढं कधी अडखळले नाही. तिथं अडखळले. "होतंच, आत्याबाई," मी म्हटलं. "काहीतरी होतंच. तुमचा हात नव्हता."

त्यांनी हातातला मग बादलीत ठेवला आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागल्या. मोठ्यानं. सोनाजी गेला त्या वेळी त्यांना कुणी रडू दिलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. जिच्या पायानं लेकरू गेलं, तिनं कुठल्या तोंडानं रडायचं, म्हणे. इतक्या वर्षांनी त्या आपल्या पोरासाठी रडत होत्या, निव्वळ त्याची आई म्हणून.

बद्रीनाथ नळी तशीच सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. आपल्याला एक मोठा भाऊ होता एवढंच त्यांना माहीत होतं. घरात त्याचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. बादली भरून पाणी फरशीवर पसरायला लागलं, मी नळी टाकीतून ओढून काढली.

"माय," त्यांनी विचारलं, "कसा होता गं त्यो?"

आत्याबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"गोरा व्हता," त्या म्हणाल्या. "आन् लई हसायचा."